विशाखा जेवत असताना

कबनूर
शनिवार, १९ जुलै २०२५

प्रीतीस सप्रेम जयभीम.

फोन लावला की एकदाच वाजतो आणि तुटतो. काल प्रसेनजीत म्हणाला, "आई, तुझा नंबर तिनं ब्लॉक केलाय. आता लावत बसू नको." म्हणून पत्र. उद्या तो कुरुंदवाडला तुमच्याकडे येईल तेव्हा त्याच्या हाती देते. सव्वीस वर्षं अंगणवाडीचे रकाने भरले, पण सुनेला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. काही चुकलं तर समजून घे.

तू विशाखाला घेऊन माहेरी गेलीस त्याला सव्वा महिना झाला. गल्लीत मी सांगितलंय की तुझ्या आईला बरं नाही. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालंय, पण तिथं बायका विचारतात म्हणून मी जात नाही. किती दिवस एकच थाप मारायची?

त्या दिवशी जे झालं ते कुणाच्याही घरात होतं. लहान मूल आहे, पेज पाजताना घास अडकला. ठसका लागला, पाठीत थाप मारली, निघाला. संपलं. तू नखाचं विचारलंस, त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलंय. पोरं झोपेत स्वतःच नाक ओरबाडतात. एवढ्यावरून कुणी घर सोडतं का?

विशाखाला सकाळी नाचणीचं सत्त्व देत जा. नको म्हणाली तरी द्यायचं. वरणात शेवग्याचा पाला घाल. रडली म्हणून ताट उचलू नकोस, एकदा उचललं की पोरांना कळतं. तू लाड करतेस, ते मला आधीपासून पटत नाही. माझ्या अंगणवाडीतून आजवर एक मूल उपाशी परत गेलेलं नाही, हे तुझ्या सासूचं नाव आहे सगळ्या गावात.

यंदा मोना म्हणून एक पोरगी आली आहे, चार वर्षांची. बाप गुंडू यंत्रमागावर असतो, आई सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर. आजी तानाबाई सकाळी आणून सोडते. पोरगी चहा आणि बेकरीचा बटर सोडून दुसरं काही तोंडात घेत नाही. खिचडी नको, उसळ नको, केळंसुद्धा नको. ताट समोर आलं की भिंतीकडे तोंड करून बसते. मी आमच्या मदतनीस झुंबरबाईंना म्हटलं, "मला पंधरा दिवस द्या, ताट पुसून खाईल." झुंबरबाईंनी मोनाचं ताट उचलून नेलं.

गुडघे दुखतात. सकाळपासून पोषणाचं ॲप नुसतं गोल फिरतंय. विशाखाचा एखादा फोटो प्रसेनजीतच्या फोनवर पाठव.

आक्काताई


शनिवार, ९ ऑगस्ट

प्रीती,

प्रसेनजीत आला तेव्हा मी विचारलं, "पत्र दिलंस?" म्हणाला, "दिलं." "वाचलं तिनं?" म्हणाला, "पर्समध्ये टाकलं." पुढं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. फोटो मात्र दाखवला. विशाखा पायरीवर बसली आहे आणि कॅमेऱ्याकडे बघत नाही. हात बारीक दिसले मला. तुला दिसत नाहीत का?

ही ओळ खोडणार होते. राहू दे.

मोनाचं सांगते. सोमवारी मटकीची उसळ होती. मी तिला मांडीवर घेतलं, एका हातानं दोन्ही हात धरले आणि दुसऱ्या हातानं घास लावला, नेहमीसारखं. तिनं दात आवळले. मी गालावर बोट दाबलं, तोंड उघडलं, घास आत गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिनं सगळं बाहेर काढलं, माझ्या साडीवर, सतरंजीवर. मग जी रडायला लागली ती थांबेचना. बाकीच्या सतरा पोरांनी हात थांबवले. त्यानंतर कुणी जेवलं नाही. निम्मी उसळ पातेल्यात राहिली. माझ्या अंगणवाडीत असं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी मोना आली नाही. बुधवारी नाही. गुरुवारी तानाबाई एकटीच आली आणि दारातूनच ओरडायला लागली.

"बाई, काय केलासा वं माझ्या नातीला? अंगणवाडीचं नाव काढलं की खाटंखाली जाऊन बसतीया."

मी म्हटलं, "तानाबाई, तिच्या भल्यासाठीच केलं. वजन किती कमी आहे बघा तिचं."

"भलं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. च्या-बटर खाती, पर हसती तरी. तीन दिस झालं, पोरगी हसली न्हाय."

शेजारच्या शेडमधले माग धडधडत होते तरी तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. लोक बघायला लागले. मी रजिस्टर उघडून बसले, जणू काही लिहायचंच आहे.

घरी आल्यावर चूल पेटवली नाही. प्रसेनजीतनं वडापाव आणला. खाताना म्हणाला, "आई, कांबळ्यांच्या चौकात तानाबाई काय सांगत होती गं?" मी म्हटलं, "काही नाही, पोरगी आजारी आहे."

मोनाचं नाक मी धरलं नव्हतं, प्रीती. एवढं मात्र खरं आहे. मोनाचं धरलं नव्हतं.

आक्काताई


शनिवार, ३० ऑगस्ट

प्रीती,

शिरढोणच्या पुलावर पाणी होतं म्हणून प्रसेनजीतला तीन रविवार येता आलं नाही. मागचं पत्रही माझ्याकडेच पडून होतं. ते फाडावं असं दोनदा मनात आलं. आता दोन्ही एकदम देते.

तो घरात असला की बोलत नाही. वाढलं की जेवतो, आपलं ताट धुऊन पालथं घालतो, मोबाइल घेऊन पडतो. तुझ्यावर चिडलाय की माझ्यावर, ते मला कळत नाही. कळतं, पण विचारवत नाही.

मोना त्याच्या पुढच्याच सोमवारी परत आली. आली म्हणजे उंबऱ्यावर बसली, आत यायला तयार नाही. आईबाप दोघंही कामावर, तानाबाईला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून आणावं लागलं. मी उठून तिच्याकडे निघाले तर झुंबरबाईंनी मागून माझा पदर धरला. एकोणीस वर्षं ही बाई माझ्या हाताखाली आहे. चौथी शिकलेली. झाडायचं, पोरांना घरून आणायचं, वाढायचं, भांडी घासायची. मला कधी उलट बोललेली नाही.

"बाई, खाली बसा. तिच्याकडं जाऊ नका."

मी म्हटलं, "अहो, अकरा किलो चारशे आहे ती. बसून कसं चालेल?"

"वजन तुम्ही बघा. मी पोरगीचं तोंड बघतो. तुम्ही घास घेऊन निघाला की सगळी पोरं तोंडं मिटत्यात. तवा तुमचं तोंड कसं दिसतंय, कधी बघितलाय का? पोलिसावानी दिसतंय."

मला राग आला. पोरांच्या समोर बोलल्या म्हणून जास्त आला. मी म्हटलं, "मग काय करू? उपाशी मारू?"

"काय बी करू नका. जेवा. एवढ्या वरसांत पोरांसंगं एकदा तरी जेवलाय का तुम्ही?"

नाही जेवले. मी वाढते, उभी राहते, कुणी किती खाल्लं ते बघते आणि लिहिते. माझा डबा मी पोरं गेल्यावर एकटी खाते.

त्या दिवशी सतरंजीवर पोरांच्या ओळीत बसले. गुडघा वाकेना. झुंबरबाईंनी माझ्या पुढ्यात ताटली ठेवली आणि स्वतः माझ्या शेजारी बसल्या. मोना दारात होती, तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. प्रीती, खरं सांगते, तो अर्धा तास मला फार जड गेला. मान सारखी तिकडे वळायची. झुंबरबाई कोपरानं ढोसायच्या.

आमच्या पर्यवेक्षिका स्नेहल मॅडम, तू त्यांना एकदा बघितलंयस, बैठकीत नेहमी सांगतात की नवीन पदार्थ मुलांच्या समोर दहा-पंधरा वेळा यावा लागतो, मग मूल हात लावतं. मूल खेळलं पाहिजे त्याच्याशी, वास घेतला पाहिजे, थुंकलं तरी चालतं. तीन प्रशिक्षणांत मी हे वहीत उतरवून घेतलंय. केलं एकदाही नाही.

आता करतोय. रोज एक पोर मटकी भिजवतं, फडक्यात बांधतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी मिळून पोटली सोडतात. मोड बघून केवढा दंगा करतात! मोनाला ते बघायचं होतं म्हणून ती उंबऱ्यावरून आत आली. आता पोटली तीच बांधते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. शेवग्याचा पाला ओरबाडायलाही बसते. ओळीत एक रिकामी वाटी ठेवतो, नाही आवडलं तर त्यात थुंकायचं, कुणी रागवायचं नाही. नाव घेऊन कुणाला "खा" म्हणायचं नाही. "शाबास"ही म्हणायचं नाही, झुंबरबाई म्हणतात ते बी एक ढकलणंच हाय.

काल मोनानं मोड आलेल्या मटकीचा एक दाणा जिभेला लावला आणि वाटीत थुंकला.

फार दमायला होतं, प्रीती. जबरदस्ती करायला पाच मिनिटं लागतात. हे सगळं करायला तीन आठवडे गेले आणि पदरात काय, तर पोरगीनं एक दाणा चाटून थुंकला. आणि त्यावर आम्ही दोघी म्हाताऱ्या भांडी घासताना हसत होतो.

विशाखाला काय कर, हे आज लिहीत नाही.

आक्काताई


शनिवार, २७ सप्टेंबर

प्रीती,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

मागच्या रविवारी परत आल्यावर प्रसेनजीतनं सांगितलं की जूनमध्ये तू तुझ्या लॅबमध्ये विशाखाचं रक्त तपासलं होतंस आणि हिमोग्लोबिन आठ आलं होतं. तीन महिने त्यानं मला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंस, म्हटल्यावर म्हणाला, "तू रजिस्टरमध्ये चांगलं लिहिलं होतंस की. तुला काय सांगायचं?"

म्हणजे त्याला माहीत आहे. म्हणजे तुलाही.

आधी बैठकीचं सांगते. मोना आता उसळ खाते. मूठभरच, पण आपल्या हातानं. परवा लाल भोपळ्याची फोड उचलली, अर्धी खाल्ली, अर्धी परत ठेवली. वजन दोनशे ग्रॅमनं वाढलंय. स्नेहल मॅडम येऊन बघून गेल्या आणि त्यांना फार आनंद झाला. पोषण महिना चालू आहे, बुधवारी सगळ्या सेविकांची बैठक होती. त्यांनी मला पुढं बोलावलं. "आक्काताई, नवीन पदार्थ खायला तुम्ही मुलांना कसं तयार केलंत ते सगळ्यांना सांगा."

पस्तीसेक बायका समोर. मी उभी राहिले. पोटलीचं सांगितलं, वाटीचं सांगितलं. सगळ्या लिहून घेत होत्या. एकीनं विचारलं, "ताई, तुमच्या नातीलाबी असंच शिकवलं असंल की?"

मी पाणी मागितलं. मॅडमनी पाण्याचा पेला दिला. तो हातात धरून मी म्हटलं, "माझ्या नातीचं वजन मार्च, एप्रिल, मे, तिन्ही महिने मी खोटं लिहिलं होतं. दीड किलो वाढवून."

मॅडम म्हणाल्या, "आक्काताई, बसा तुम्ही." त्यांचा आवाज कडक नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. माझ्या मुलीच्या वयाची बाई. बैठक संपल्यावर त्यांनी मला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. दिला. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली आहेत, आता काय होईल ते होईल.

आता बैठकीत सांगितलं नाही ते.

विशाखाचं वजन वाढत नव्हतं हे मला फेब्रुवारीपासून दिसत होतं. अंगणवाडीवाल्या बाईची नात कमी वजनाच्या पिवळ्या यादीत, हे मला सहन होणार नव्हतं. म्हणून खरं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर डॉक्टरांनी तिला मार्चमध्येच तपासलं असतं. दहा जूनला मॅडमनी स्वतः येऊन सगळ्या पोरांची वजनं घेतली. विशाखा अकरा किलो दोनशे. दुपारी मोबाइलवर यादी सगळ्या सेविकांनी बघितली आणि एक सेविका हसत म्हणाली, "आक्काताई, तुमच्याच घरात व्हय?" मॅडमही हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, मागचे आकडे त्यांनी काढून बघितले नाहीत.

मी घरी आले तेव्हा अंगाची आग होत होती. तू कामावर होतीस. विशाखा झोपली होती. मी तिला झोपेतून उठवलं. सकाळची पालक घातलेली नाचणीची पेज होती, गारच. ती नको म्हणाली. मी तिचे पाय माझ्या पायांखाली दाबले आणि नाक धरलं. तोंड उघडलं की चमचा. उघडलं की चमचा. ती श्वास घेत होती की गिळत होती, मी बघितलं नाही. किती चमचे तेही सांगता येत नाही, आणि मी सगळं मोजणारी बाई. तिचे ओठ काळे पडले तेव्हा सोडलं. शेजारच्या धोंडुबाई ओरडा ऐकून आल्या, त्यांनी तिला पालथी घेऊन पाठीत मारलं, तोवर तू दारात.

तू भांडली नाहीस. तिला उचललंस, तोंड पुसलंस आणि एकच विचारलंस, "आई, हिच्या नाकावर नख कशाचं?"

नख माझं होतं.

तू गेलीस ती पेजेमुळं नाही, मी तुझ्या डोळ्यांत बघून जे खोटं बोलले त्यामुळं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सगळ्यांना मी सांगत आले की नातीवरच्या मायेपोटी झालं. माया नव्हती ती. माझं नाव होतं.

आक्काताई


शनिवार, १८ ऑक्टोबर

प्रीती,

तुझी चिठ्ठी प्रसेनजीतनं परवा दिली. चार ओळी आहेत, त्या मला पाठ झाल्या. "आई, पत्रं वाचली. विशाखाचं हिमोग्लोबिन आता साडेनऊ आहे. चमचा दिसला की ती अजून दोन्ही हातांनी तोंड झाकते. खरं लिहिलंत ते बरं केलंत, पण माफ केलं असं मला लिहिता येत नाही."

लिहू नकोस. मी माफी मागितलेली नाही. मागायची कशी तेही मला येत नाही, आमच्या घरात कुणी कुणाची कधी मागितली नाही.

प्रसेनजीतनं जयसिंगपूरला एका शेडमध्ये काम बघितलंय. महिनाअखेर तो कुरुंदवाडला तुमच्याजवळ खोली घेणार आहे. मला त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. "आई, तुझं तुला जमंल न्हवं?" म्हणाला. मी म्हटलं, "जमंल की." त्यानं बापाचा फोटो आणि बाबासाहेबांचा लहान फोटो बॅगेत भरला. मोठा माझ्याकडे ठेवला. भरताना तो रडला, मी पाठ करून भाकरी थापत राहिले. तो तिकडे येतोय हे योग्य आहे. बाप पोरीजवळ असावा.

ऑफिसातून कागद आला. समज दिली आहे, पुढं असं झालं तर कारवाई. सेविका आता माझ्याशी जपून बोलतात. काहीजणी तर बोलतच नाहीत. एकीनं मात्र मागं थांबून हळूच सांगितलं, "ताई, मीबी वाढवून लिहिती." मी तिला म्हटलं, "उद्या खरं लिही." ती गेली. लिहील की नाही, कोण जाणे.

अंगणवाडीत रोज तेच. पोटली सोडायची, पाला खुडायचा, ओळीत बसायचं, इकडे तिकडे न बघता आपलं खायचं. कधी पोरं खातात, कधी सगळी ताटं तशीच परत येतात. राजगिऱ्याचे लाडू दोन दिवस कुणी तोंडाला लावले नाहीत, तिसऱ्या दिवशी मोनानं एक फोडून सगळ्यांना वाटला आणि संपले. का ते मला सांगता येणार नाही. पूर्वी मला सगळं सांगता यायचं.

धोंडुबाई विचारत होत्या, सून कधी येणार. मी सांगितलं, "माझ्यामुळं गेली आहे, येईल असं वाटत नाही." मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. झोप मात्र लागली.

आक्काताई


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रीती,

काल तू समोर उभी असताना मला एक वाक्य धड बोलता आलं नाही. म्हणून परत पत्र, या वेळी पोस्टानं.

तू येणार हे मला माहीत नव्हतं. "चाकवत केलाय आज," असं झुंबरबाई पोरांना सांगत होत्या, मी पळी घेऊन वाढत होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं. तू होतीस, आणि तुझ्या हाताला विशाखा. उंच झाली आहे. केस बारीक कापलेत. मला वाटलं, पळत येईल. पाच महिन्यांनी बघत होतो आम्ही एकमेकींना.

तिनं मला बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले.

चिठ्ठीत तू लिहिलं होतंस की चमचा दिसला की झाकते. माझ्या हातात पळी होती हे खरं. पण ती पळीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी पळी झुंबरबाईंच्या हातात दिली आणि मागच्या दारानं बाहेर गेले. तुला वाटलं असेल, म्हातारी रुसली. रुसले नव्हते. तिथं उभं राहण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

मागच्या पायरीवर बसले. आतून पोरांचा गलका येत होता. मोनाचा आवाज मला ओळखू येतो. ती कुणाला तरी सांगत होती, "हे असं सोडायचं. जोरात न्हाय. मोडाच्या शेपट्या तुटत्यात."

किती वेळानं तू आलीस ते मला कळलं नाही. माझ्याजवळ बसली नाहीस, भिंतीला टेकून उभी राहिलीस. आपण जे बोललो ते मी इथं लिहून ठेवते, कारण मला ते चुकीचं आठवायला नको.

तू म्हणालीस, "आई, आत चला की."

मी म्हटलं, "नको. ती जेवू दे."

"मी तिला तुमच्याकडं राहायला आणलेलं नाही."

"ठाऊक आहे."

मग तू सांगितलंस की तिकडच्या अंगणवाडीच्या दारातूनच ती परत फिरते. इथली पोरं तिच्या ओळखीची आहेत, जागा ओळखीची आहे. डॉक्टर म्हणालेत, पोरांच्या पंगतीत बसली तर भीती कमी होईल. गुरुवारी तुला सुट्टी असते, आठवड्यातून एकदा आणता येईल. बोलता बोलता तू थांबलीस. "पण तुम्ही समोर असलात तर..." एवढंच म्हणालीस.

ते वाक्य तुला पुरं करावं लागू नये म्हणून मी म्हटलं, "मी बाहेर बसते."

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "दर वेळी?" मी म्हटलं, "व्हय." तू मान हलवलीस आणि आत गेलीस. मला वाटतं तुझे डोळे भरले होते, पण तेही मी आता ठरवत नाही.

तुम्ही गेल्यावर झुंबरबाई धावत मागं आल्या. हात चाकवतानं माखलेले, तोंड फुललेलं. "बाई, ऐका की, विशाखानं..."

मी म्हटलं, "सांगू नका."

"अवं, पर ऐका तर!"

"नको, झुंबरबाई. पाया पडते."

त्यांना कळेना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी कुणी किती खाल्लं ते विचारलं नव्हतं. पण त्यांनी सांगितलं असतं की तिनं दोन घास खाल्ले, तर पुढच्या गुरुवारी मला तीन हवे झाले असते. आणि काही खाल्लं नाही म्हणाल्या असत्या, तर मी आठवडाभर काहीतरी उपाय शोधत बसले असते. ते तिला लांबूनही कळलं असतं. पोरांना कळतं. मी त्यांना म्हटलं, आधी ताटं धुवा, मग मी आत येते. त्यांनी धुतली. मी आत गेले तेव्हा सगळी ताटं सारखीच होती, पालथी.

तिनं खाल्लं की नाही, मला माहीत नाही. तूही लिहू नकोस.

हे सोपं नाही, एवढंच तुला सांगते. आयुष्यभर हेच एक काम केलं आणि आपल्या नातीच्या वेळी भिंतीपलीकडे बसायचं. पण ती आत पोरांच्यात होती आणि रडल्याचा आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

वीस तारखेला गुरुवार आहे. पावणेबाराच्या सुमारास पोरं हात धुतात, त्याच्या आधी आलात तर तिला पोटली सोडायला मिळेल. पुढचं दार उघडं असेल. झुंबरबाई आणि मोना आत असतील.

घरातून निघताना विशाखाला सांग, आजी आत येणार नाही.

आक्काताई